मधल्या बोटाची धमनी

मी एका काचवाल्याच्या उजव्या हातातली धमनी बोलतेय. मधल्या बोटाची धमनी. खरं तर 'मधल्या बोटाची' असं म्हणायचा हक्क मला आता उरलेला नाही, पण जन्मभराचा पत्ता जिभेवरून एकदम जात नाही. मला आवाज नाही, आहे तो नुसता ठोका. एकदा जिवाच्या आकांतानं तो देऊन बघितला, कुणाला ऐकू गेला नाही. म्हणून आज तुमच्यापुढे आलेय. निदान तुम्ही तरी ऐकून घ्या.

आधी ओळख करून देते, कारण आम्हाला कुणी ओळखत नाही. बोटाकडे बघताना तुम्हाला नख दिसतं, सुरकुत्या दिसतात, अंगठी असली तर ती आधी दिसते. आम्ही दिसत नाही. प्रत्येक बोटाला आम्ही दोघी असतो, एक या कडेला, एक त्या कडेला. तळहातात रक्ताची एक कमान असते, तिच्यातून आम्ही निघतो, जाड दोऱ्याएवढ्या अंगानं बोटाच्या दोन्ही कडांनी चढत जातो, वाटेत पेरापेरांपाशी एकमेकींना हात देतो आणि शेंड्याला, नखाच्या पाठीमागच्या मऊ उशीत, एकमेकींच्या गळ्यात पडतो. दोघी कशाला, असं विचाराल. एकीचं काही बरंवाईट झालं तर दुसरीनं घर चालवावं, म्हणून.

माझ्या मालकाचा, त्या काचवाल्याचा, हात आईच्या पोटात वल्ह्यासारखा चपटा होता, तेव्हापासूनची मी. बोटं सुटी व्हायच्या आधीच आमचं वाहणं सुरू झालं होतं. मधल्या बोटात मी करंगळीकडच्या कडेची आणि माझी जुळी बहीण अंगठ्याकडच्या कडेची. मी जरा दांडगी, ती जरा नाजूक. गार पाण्यात हात गेला की दोघी आखडायचो, मालक जिन्यावरून धावत आला की दोघी धावायचो. आमच्यात कधी भांडण झालं नाही. भांडायला फुरसत कुणाला होती?

मालकाच्या वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या फ्रेमा. मधोमध लांबलचक टेबल आणि त्यावर जुनं ब्लँकेट पसरलेलं. काच त्यावर आडवी टाकायची, डाव्या हातानं पट्टी दाबून धरायची आणि उजव्या हातानं हिरा ओढायचा. हिरा म्हणजे पेनाएवढं हत्यार, टोकाला बारीक चाक असलेलं. रेघ एकदाच ओढायची. पुन्हा त्याच रेघेवरून गेलं की काच चिडते आणि भलतीकडेच तडकते. मग रेघ टेबलाच्या काठावर आणायची, टक् करून दाबायची, की काच सुरेख दुभंगते. कापलेली कड मालक अंगठ्याच्या उशीवरून हलकेच फिरवून बघायचा. डोळ्याला दिसत नाही तो खडबडीतपणा अंगठ्याला कळायचा.

त्या दुकानाची एक रीत होती. काच लागली तर तिची गणती करायची नाही. टेबलाच्या पायाला चिकटपट्टीचा रोल अडकवलेला असायचा. कापलं की बोटाभोवती पट्टी गुंडाळायची आणि पुन्हा कामाला लागायचं. डॉक्टर नाही, हाय नाही, हूय नाही. मालक लहानपणी पहिल्यांदा रडला, तेव्हा वडील म्हणाले होते, "काचेचं काम करायचं आणि काच लागली म्हणून रडायचं? मग कापसाचं दुकान टाक." त्यांच्या स्वतःच्या हातांवर पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. हळूहळू मालकाच्या हातावरही तसंच जाळं झालं. लग्न होऊन बायको आली, फ्रेमांना खिळे ठोकायला शिकली, आणि तिच्याही बोटांवर रेघा उमटल्या. ती पहिल्यांदा कळवळली तेव्हा मालकानं तिच्या हातात रोल दिला आणि वडिलांचं कापसाच्या दुकानाचं वाक्य तिला ऐकवलं. दोघं खूप हसली होती.

मग तो सलूनचा आरसा आला.

भिंतभर आरसा होता, मालकानं आणि बायकोनं दोन्ही टोकांना धरून न्यायचा. सलूनच्या दारातून आत घेताना त्याचा खालचा कोपरा उंबऱ्याला लागला आणि एक ढलपा निघाला. काचेचं पातं मधल्या बोटात, अंगठ्याकडच्या कडेनं, थेट हाडापर्यंत शिरलं. माझी बहीण तिथल्या तिथे तुटली. आम्ही तुटलो की आमची तोंडं आखडून आत जातात, म्हणून माणूस सहसा रक्त जाऊन मरत नाही. बहिणीनंही तसंच केलं. तिच्याबरोबरची नसही गेली, म्हणजे त्या कडेची सगळी जाण गेली.

"अहो, रक्त केवढं पडतंय!" खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ओरडलं.

"आरशाला लागू देऊ नका, डाग पुसायला त्रास होतो," मालक म्हणाला.

बायकोनं पिशवीतून रोल काढला आणि बोट गच्च आवळलं. मालकानं तशाच हातानं फुटका कोपरा घासून गोल केला, आरसा टांगला, समपातळीत आहे की नाही ते लांब जाऊन बघितलं आणि मग घरी गेला. आरसा झकास बसला होता. त्याच्या लेखी त्या दिवशी काहीच वाईट झालं नव्हतं.

आत माझी काय गत झाली होती ते मला विचारा. बोट पांढरं फटक पडलं होतं, गार. शेंड्यापाशी जाऊन मी रोजच्यासारखा बहिणीला हात द्यायला गेले, तर पलीकडून काहीच आलं नाही. नुसता अंधार. मी घाबरले, आखडले, आणि मग मनाशी म्हटलं, बाई, आता तू आखडलीस तर सगळंच संपलं. मी फुगले. होते त्याहून दांडगी झाले. पेरापेरांतून पलीकडे रक्त ढकललं, बहिणीच्या ओसाड वाटेत जमेल तितकं पोचवलं. उजाडेपर्यंत बोट पुन्हा गुलाबी झालं. मालकानं चिकटपट्टी सोडली, वास घेतला, नवी लावली आणि हिरा उचलला.

पुढे कित्येक वर्षं ते बोट मी एकटीनं सांभाळलं. हिवाळ्यात त्याचं टोक पांढरं पडायचं, मालक ते काखेत धरून ऊब द्यायचा. अंगठ्याकडची कड बधिर होती. तो बायकोला सांगायचा, "या कडेला काच लागलेली कळतसुद्धा नाही, बरंच झालं." बरंच झालं म्हणे! मी आत एकटी मरमर मरत होते आणि साहेबांना गंमत वाटत होती. पण राग येऊन करते काय? त्याचं बोट तेच माझं घर.

अंगठ्याचं संकट आलं ते कडा घासायच्या मशीनवर. तिथे खरखरीत पट्टा गरागरा फिरत असतो, त्याला काचेची कड टेकवायची. बायको पलीकडे फ्रेम पुसत होती, दारात गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, मालकानं मान वळवून उत्तर दिलं, आणि काच निसटून अंगठा पट्ट्याखाली गेला. कापला असता तर तुकडा तरी हाती लागला असता. पट्ट्यानं तो खरवडून नेला. अंगठ्याची अख्खी उशी गेली, हाड उघडं पडलं. मालकानं सवयीनं रोलकडे हात नेला. मग स्वतःच थांबला, कारण पट्टी गुंडाळायला खाली काही नव्हतंच.

हाताच्या ऑपरेशनांची डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होती. आवाज हळू, बोटं लांबसडक, नखं मुळापासून कापलेली. तिनं अंगठा बघितला आणि दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं.

"हाड झाकायला हवं. मांडीची कातडी आणून लावता येईल, पण तिला काही कळणार नाही. स्पर्श नाही, गरम नाही, टोचणं नाही."

"कळायला तर हवं, मॅडम," मालक म्हणाला. "अंगठ्याला कळलं नाही तर मी काच धरणार कशी? कड बघणार कशी?"

"मग दुसरा उपाय आहे. मधल्या बोटाच्या करंगळीकडच्या कडेची कातडी घ्यायची, तिच्या नसेसकट, तिच्या रक्तवाहिनीसकट. तोडायची नाही, मुळाशी जोडलेलीच ठेवायची आणि तळहाताच्या कातडीखालून अंगठ्यावर आणायची. अंगठ्याला मांस मिळेल, रक्त मिळेल आणि स्पर्शही मिळेल."

"आणि मधल्या बोटाचं हो काय?" बायकोनं विचारलं. तिला हे सुचलं म्हणून मी तिला मनातल्या मनात सलाम केला.

"बोटाला दोन रक्तवाहिन्या असतात. एक नेली तरी दुसरीवर बोट छान चालतं."

दोन! माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो बाई, दोन होत्या, आता एक आहे! मी धाडधाड आपटले. मालकाला वाटलं अंगठा ठणकतोय. त्यानं हात उशीवर उंच ठेवला.

डॉक्टर निष्काळजी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. तिनं मनगटाच्या दोन्ही रक्तवाहिन्या दाबून धरल्या, मालकाला मूठ उघडझाप करायला लावली, तळहात पांढरा पडल्यावर एकेक सोडून रंग परततो का ते पाहिलं. हात उत्तम होता. पण ती परीक्षा हाताची झाली. बोटाच्या दोन कडा तशाच दाबून एकेक सोडायच्या राहिल्या. आणि डोळ्यांना दिसावं तर हातावर पांढऱ्या रेघांचं जंगल. त्यातली एक रेघ माझ्या बहिणीची होती, हे तिला कसं कळावं?

"या हाताला पूर्वी काही झालंय? ऑपरेशन, हाड मोडणं, खोल जखम?" तिनं विचारलं.

"छे. या हाताला कधी काही झालं नाही," मालक म्हणाला.

"दुकानातलं सोडलं तर काही नाही," बायकोनं दुजोरा दिला.

"दुकानातलं म्हणजे?"

"काचा लागतात हो बारीकसारीक. चालायचंच."

दोघंही खोटं बोलली नाहीत. मालकाची नाडी मला आतून माहीत आहे. खोटं बोलताना ती चढते, तेव्हा अजिबात चढली नाही. ज्या घरात काच लागण्याची गणती करत नाहीत, तिथे तो सलूनचा आरसाही बारीकसारीकातच गेला होता.

ऑपरेशनच्या दिवशी काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला. मालक जागा होता. मध्ये हिरवा पडदा, पलीकडे त्याचं डोकं, अलीकडे आम्ही. दंडाला पट्टा आवळला आणि आमच्यातलं रक्त वर पिळून काढलं. तशी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. रिकाम्या नळीसारखी मी पडून होते. मग कातडी उघडली आणि मोठ्या दिव्याचा उजेड माझ्यावर पडला. सगळं आयुष्य अंधारात काढलं आणि पहिला उजेड बघितला तो असा.

डॉक्टरनं मला फार हळुवारपणे मोकळं केलं. माझ्यासोबत नस, थोडी चरबी, कातडीचा पट्टा. करंगळीशेजारच्या बोटाकडे जाणारी माझी एक फांदी तिला बांधावी लागली. त्या बोटाला पलीकडची बाजू धडधाकट होती, ते निभावलं. मग तिनं माझ्या वाटेवर एक इवलासा चिमटा लावला आणि म्हणाली, "दंडाचा पट्टा सोडा. बघू या, बोट हिच्याविना राहतंय का."

ही खरी कसोटी होती. इथे सगळं कळायला हवं होतं. माझ्या जिवात जीव आला. रक्त धावत आलं आणि चिमट्याशी येऊन अडलं. बाकीचा हात लालबुंद झाला, मधलं बोट मेणासारखं पांढरं राहिलं. बघ, बाई, बघ आता, मी म्हणत होते. नीट बघ!

ती बघत होती. "गरम पाणी," ती म्हणाली. नर्सनं बोटावर कोमट सलाईनची धार धरली. आणि तिथेच घात झाला. बोटाच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक वाहिन्या असतात, नखापर्यंत धड पोचत नाहीत. त्या बिचाऱ्या उबेनं उघडल्या आणि आपल्या परीनं धडपडल्या. बोटावर फिकट गुलाबी झाक आली.

"आला रंग, मॅडम," मदतनीस डॉक्टर म्हणाला.

"उशिरा आला." ती म्हणाली. मग पडद्यापलीकडे वाकून विचारलं, "ऐकता का? या मधल्या बोटाला कधी खोल कापलं होतं? आठवून सांगा."

मालकानं खरोखर आठवून बघितलं. मला कळत होतं, तो आठवतोय. मी चिमट्यावर धडका देत होते. आरसा! सलूनचा आरसा! अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक! सांग ना रे!

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "काचेचं आपलं होतं ते, तेवढंच."

तिनं अजून थोडा वेळ बोटाकडे पाहिलं. दुसरीकडे अंगठ्याचं हाड उघडं पडलेलं होतं, ते सुकत होतं. मग तिनं धागा मागितला, माझी बोटाकडची वाट बांधली आणि कापली.

मला तळहाताच्या कातडीखालच्या बोगद्यातून ओढून अंगठ्यावर आणलं. टाके पडले. दंडाचा पट्टा सुटला, आणि मी काय करणार होते? रुसून बसणार होते? मी धावले. अंगठ्याची नवी उशी गुलाबी झाली, टाचणीनं टोचल्यावर लाल थेंब आला. मदतनीस म्हणाला, "वा!" पडद्यापलीकडे मालक हसला. मी अंगठ्याला जगवत होते, आणि वीतभर अंतरावर माझं बोट उपाशी पडलं होतं. मला तिकडे जायला वाटच ठेवली नव्हती.

संध्याकाळी नर्सनं बोटाच्या टोकावर हात ठेवला आणि लगबगीनं डॉक्टरला बोलावलं. बोट गार होतं, निळसर, नख राखेच्या रंगाचं. डॉक्टरनं एका क्षणात ओळखलं. पुन्हा टेबल, पुन्हा दिवे. यावेळी तिनं अंगठ्याकडची कड उघडली, माझ्या बहिणीला शोधायला. सापडली ती एक घट्ट पांढरी दोरी. वर्षानुवर्षांपूर्वी सुकलेली.

"ही आजची नाही," डॉक्टर म्हणाली.

तिनं हात टेकले नाहीत. मनगटाजवळची एक शीर काढून तिचा पूल बांधायला बसली. भिंगाखाली, केसापेक्षा बारीक धाग्यानं. पूल झाला, रक्त पलीकडे गेलं, बोटाला रंग आला. अंगठ्यातून मला तो दिसत नव्हता, पण खोलीतले आवाज बदललेले कळले. मी म्हटलं, जगलं ग बाई. सकाळपर्यंत पुलात गुठळी झाली. पुन्हा उघडला, पुन्हा झाली. बोटातल्या बारीक वाटा तोवर उपासमारीनं मिटून गेल्या होत्या. पुढल्या दिवसांत बोट काळं पडत गेलं, मनुकेसारखं आक्रसलं, आणि शेवटी ते काढावं लागलं. मुळापासून.

डॉक्टर स्वतः खाटेपाशी येऊन बसली. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता. "पण नुसतं विचारून भागत नाही. बोट दाबून मी आधीच बघायला हवं होतं. रंग उशिरा आला, तेव्हाच थांबायला हवं होतं."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तो सलूनचा आरसा."

"कुठला?"

"असं काय करता? दारात कोपरा उडाला नव्हता का? मीच नाही का पट्टी आवळली? पांढरं पडलं होतं हो तुमचं बोट."

"ती काच होती गं."

"काचच तर होती!" ती ओरडली, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "मलाही विचारलं होतं तिनं. माझ्यासमोर विचारलं. मी काय म्हटलं? चालायचंच म्हटलं."

मालकानं डाव्या हातानं तिचं डोकं थोपटलं. उजवा हात उंच टांगलेला होता, त्यातल्या अंगठ्यात मी होते. मला वाटलं, फुटून जावं. पण आमची जात फुटण्यासाठी नाही. मी रक्त नेत राहिले.

लोकहो, म्हणून तुम्हाला पोटतिडकीनं सांगते. डॉक्टरनं विचारलं तर सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा, क्षुल्लक वाटलं तरी सांगा. तुमच्या धंद्यात ज्याची गणती करत नाहीत, तेच आधी सांगा. आणि डॉक्टर मंडळींनो, तुम्ही हातावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक बोटाला वेगळं विचारा. दोन्ही कडा दाबा, रक्त पिळून काढा, एक कड सोडा, थांबा. मग दुसरी. एवढ्यानं आम्ही बोलतो. आम्हाला बोलण्याची तेवढीच एक रीत दिलेली आहे.

आता माझी आजची हकिकत सांगते, मग तुम्हाला मोकळं करते.

अंगठा बरा झाला. उशी भरली, टाके सुकले. पट्टी सुटली त्या दिवशी बायकोनं अंगठ्याला हलकेच हात लावला, आणि मालक दचकून हाताकडे बघायला लागला.

"काय झालं? दुखलं?"

"कुठे लावलास हात?"

"अंगठ्याला."

"मला मधल्या बोटाला लागला," तो म्हणाला. "शेंड्याला. अगदी नखाच्या मागे."

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं उलगडा केला. कातडीबरोबर नसही मधल्या बोटाचीच आली होती. मेंदूला अजून जुनाच पत्ता ठाऊक होता. "होईल हळूहळू," ती म्हणाली. "रोज डोळे मिटून बसायचं, घरच्या कुणीतरी अंगठ्याला स्पर्श करायचा, तुम्ही ओळखायचं. मग डोळे उघडून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, अंगठा. शिकतो मेंदू."

शिकणं भागच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं काच उचलायला घेतली. कड अंगठ्याला टोचली, त्याला वाटलं मधल्या बोटाला टोचतेय, आणि जे बोट नाही ते त्यानं चटकन बाजूला केलं. काच फुटून पायाशी पडली. बायकोनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सांगून टाकलं, "व्यायाम झाल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही."

पण मी बघत होते ना. एकटा असला की तो तर्जनीनं अंगठा हलके हलके कुरवाळायचा. डोळे मिटून. चेहऱ्यावर काय शांतता यायची! माझं बोट तिथे होतं. डाव्या हातानं चाचपलं तर रिकामी जागा, पण आतून पुरतं शाबूत, ऊबदार, शेंड्यासकट. त्या एका चुकीत ते जगत होतं, आणि त्याला जगवणारं रक्त माझं होतं. मी त्या व्यायामबाईला हात जोडले असते, हात असते तर. नका हो शिकवू त्याला. एवढं एक राहिलंय आमचं. पण त्याला काच कापायची होती. काचेवाचून त्याला दुसरं येतं काय?

रोज दुपारी दोघं टेबलाशी बसायची. तो डोळे मिटायचा, ती काडीपेटीतल्या काडीच्या गुलानं अंगठ्याला शिवायची.

"सांगा, कुठे?"

"मधल्या बोटाला."

"उघडा डोळे. म्हणा."

"अंगठा."

असं कितीतरी दिवस. पुढे पुढे तो अडखळायला लागला. "मधल्या... नाही, थांब." मग काल तिनं काडी लावली, आणि त्यानं मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"सांगा ना."

"अंगठ्याला," तो म्हणाला.

"खरंच? डोळे किलकिले केले नव्हते ना?" ती आनंदानं उठली. "अहो, आलं की तुम्हाला! उद्यापासून शटर पुरतं उघडू. त्या बाईंना कळवायला हवं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "बस जरा," तो म्हणाला. "अजून एकदा लाव."

तिनं लावली.

"अंगठा."

"मग? बरोबर आहे."

"अजून एकदा."

"आता कशाला?"

"लाव गं. एकदा चुकतंय का बघू."

तिचा चेहरा उतरला. ती परत खाली बसली आणि काडी लावत राहिली. मी होतं नव्हतं तेवढं सगळं रक्त त्या उशीत ओतलं. प्रत्येक वेळी तो अंगठाच म्हणाला.